थांबायचे ते कोणी ठरवायचे?

दर वर्षी आपल्या वार्षिकांकात पावसावरच्या कविता इतक्या येतात की अंक हातात घेतला की पाने ओली लागावीत. या वर्षी सरांनी मला आधीच बजावले, "कविता नको. एखाद्या प्रश्नावर मत मांड, आणि ते तुझे स्वतःचे असू दे." प्रश्न शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. तो डिसेंबरपासून माझ्या मागेच लागलेला होता.

भाट्याच्या पुलापलीकडे आमची वाडी. देवळापुढच्या मोकळ्या जागेत आमच्या मंडळाचे कबड्डीचे मैदान. मंडळ वडिलांच्या पिढीतले, आणि त्या मंडळाचा संघ म्हणजे गेली अठरा-वीस वर्षे एकच माणूस. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही; वाडीत त्यांना सगळे दादाच म्हणतात. बंदरावर बोटींची इंजिने दुरुस्त करणारा हा माणूस संध्याकाळी हातावरचे काळे तेल रॉकेलने पुसून मैदानात उतरला की आजूबाजूच्या पाच गावांतली पोरे कुंपणावर चढून बसत. त्यांची चढाई मी लहानपणापासून पाहिली आहे. मध्यरेषा ओलांडताना ते जणू फिरायला निघाल्यासारखे जात, आणि समोरचा कोपरा जरासा गाफील राहिला की पाठमोऱ्या पायाची एक लाथ, आणि माणूस बाद. मला चढाई शिकवली तीही त्यांनीच. "मेल्या, हात बघू नको, पाय बघ," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की परीक्षेच्या पेपरातसुद्धा आठवते.

दादा आज एकोणचाळीस वर्षांचे आहेत. उजवा गुडघा दोनदा दुखावला आहे. गेल्या हंगामात आम्ही पाच सामने खेळलो. मी राखीव असल्यामुळे बाकावर बसून गुणपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून हे आकडे माझ्याच हातचे आहेत. दादांनी एकतीस चढाया केल्या आणि गुण मिळवले सहा. बारा वेळा पकडले गेले. उपांत्य सामन्यात आम्ही दोन गुणांनी मागे होतो, तिसरी चढाई होती, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद व्हा. कर्णधाराने दादांकडे पाहिले. दादा गेले, बोनसची रेषा ओलांडली, आणि परत फिरताना त्यांचा तो उजवा पाय अर्धा क्षण उशिरा उचलला गेला. तेवढा अर्धा क्षण समोरच्या पोराला पुरला. ते पोर अकरावीतले होते.

डिसेंबरात नव्या हंगामासाठी बैठक भरली. बारा नावे लिहायची होती. यादी दादांच्या नावाशी आली आणि सगळे गप्प झाले. कोणी सुपारी कातरू लागला, कोणी भिंतीवरच्या जुन्या ढालींकडे पाहू लागला. मग खजिनदार म्हणाले, "दादांचे काय ते दादाच ठरवतील. तेवढा त्यांचा मान आहेच." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दादांनी एकदा आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "मी आहे ना." नाव यादीत सर्वांत वर लिहिले गेले. चहा आला.

मित्रहो, त्या बैठकीत बोलायला हवे होते असे मला आज वाटते. पण मी कसा बोलणार? दादांची जागा रिकामी झाली तर ती मला मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये हा विषय काढला तर अर्ध्या तासात दोन तट पडले. मराठीच्या वर्गातली मंडळी दादांच्या बाजूची. कृतज्ञता, माणुसकी, मातीचे ऋण वगैरे शब्द चहाच्या कपांवरून उडू लागले. अर्थशास्त्रवाले म्हणाले की एकतीस चढायांत सहा गुण हा व्यवहार तोट्याचा आहे; भावना असेल तर सत्कार करा, शाल द्या, जागा देऊ नका. आणि मग महाराष्ट्रातल्या अशा प्रत्येक वादात जे होते तेच झाले. कोणीतरी सचिनचे नाव घेतले आणि दादा बाजूलाच राहिले.

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. सचिनच्या शेवटच्या दिवशी घरातली मोठी माणसे टीव्हीपुढे बसून रडली, एवढेच मला आठवते. त्यामुळे या वेळी मी जुनी धावफलके काढून नीट पाहिली, आणि मला जरा धक्का बसला. सचिनचे शेवटचे, म्हणजे एक्कावन्नावे कसोटी शतक जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला झाले. तेथे त्याने डेल स्टेनसमोर १४६ धावा काढल्या. ती त्याची १७७ वी कसोटी. त्यानंतर तो आणखी २३ कसोट्या खेळला आणि त्यांत एकही शतक नाही. त्या २३ कसोट्यांतली त्याची सरासरी बत्तीसच्या आसपास येते. त्याआधीची जवळपास सत्तावन्न होती. २०१२ मध्ये न्यूझीलंडचा संघ आला तेव्हा तिन्ही डावांत तो त्रिफळाबाद झाला, १९, १७ आणि २७ धावांवर. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडविरुद्ध सहा डावांत त्याच्या धावा होत्या १३, ८, ८, ७६, ५ आणि २. बेरीज ११२. ती मालिका आपण घरच्या मैदानांवर १-२ अशी हरलो.

मधल्या काळात शंभराव्या शतकाचा ध्यास होता. नव्व्याण्णवावे शतक मार्च २०११ मध्ये नागपूरला झाले आणि शंभरावे १६ मार्च २०१२ रोजी मीरपूरला, बांगलादेशाविरुद्ध. एक वर्ष सारा देश एका आकड्याची वाट पाहत बसला होता. तो आकडा आला त्या दिवशी सचिनच्या ११४ धावा झाल्या आणि सामना बांगलादेशाने जिंकला. आमच्या घरी कोणालाही तो सामना हरल्याचे आठवत नाही. मी वडिलांना विचारले तर ते म्हणाले, "हरलो होतो? छे!"

आता कोणी म्हणेल, हा कालचा पोरगा सचिनवर आकडे फेकतो आहे. तसे नाही. त्या २३ कसोट्यांत ओव्हलवरच्या ९१ आहेत, वानखेडेवरच्या ९४ आहेत, चेन्नईच्या ८१ आहेत. चाळिसाव्या वर्षी हरियाणात लाहलीच्या हिरव्या खेळपट्टीवर रणजी सामन्यात नाबाद ७९ काढून त्याने मुंबईला सामना जिंकून दिला तोही खराच. म्हातारा वाघ एखाद्या दिवशी झेप घेतोच. अडचण अशी की त्या एखाद्या दिवसाच्या आधारावर उरलेले सगळे दिवस चालवून घेतले जातात. दादांनी गेल्या वर्षी एका सामन्यात एकाच चढाईत दोन गडी टिपले होते. उपांत्य सामन्यात कर्णधाराने त्यांच्याकडे पाहिले ते त्या दोन गड्यांच्या आठवणीने. उरलेल्या एकोणतीस-तीस चढाया त्याला त्या वेळी आठवल्या नाहीत.

पण मला खरा प्रश्न वाटतो तो पुढचा. या सबंध काळात सचिनने थांबावे की नाही हे ठरवणार कोण होते? राहुल द्रविडने मार्च २०१२ मध्ये स्वतःच निरोप घेतला, लक्ष्मणने ऑगस्टात. सचिनच्या बाबतीत वर्तमानपत्रांतून, दूरदर्शन वाहिन्यांवरून, माजी खेळाडूंच्या तोंडून एकच वाक्य फिरत होते : केव्हा थांबायचे ते सचिनच ठरवील. आमच्या खजिनदारांचे वाक्य तेच. मला पूर्वी हे वाक्य फार उदार वाटायचे. आता ते भित्रेपणाचे वाटते. निवड समिती नावाची वस्तू अस्तित्वात असते ती कशासाठी? अकरा चांगली माणसे निवडणे सोपे आहे. ते काम कॅन्टीनमध्ये आम्हीही रोज करतो. एका मोठ्या माणसाला 'आता पुरे' असे सांगणे हे तिचे खरे काम, आणि नेमके तेवढेच काम तिने त्या मोठ्या माणसावर सोपवायचे!

निदान एकदा ते सांगण्याचा प्रयत्न झाला होता. त्या वेळचे निवड समितीचे अध्यक्ष संदीप पाटील यांनी पुढे २०१६ मध्ये सांगितले की, १२ डिसेंबर २०१२ रोजी, म्हणजे नागपूर कसोटीच्या आदल्या दिवशी, ते सचिनला भेटले होते आणि त्याच्या पुढच्या बेताविषयी विचारले होते. निवृत्तीचा विचार नाही, असे सचिनने सांगितले. समितीचे मात्र एकमत झाले होते आणि ते मंडळाला कळवलेही होते. त्याच महिन्याच्या २३ तारखेला सचिनने एकदिवसीय सामन्यांतून निवृत्ती जाहीर केली. कसोटी क्रिकेट तो आणखी जवळजवळ वर्षभर खेळला.

मुंबईच्याच खेळाडूंनी या बाबतीत दोन फार वेगळी उदाहरणे घालून दिलेली आहेत. विजय मर्चंट १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून गेले, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. ती त्यांची कसोटीतली सर्वांत मोठी खेळी आणि शेवटचीही, कारण त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला. लोकांनी 'का जाता' असे विचारावे, 'का जात नाही' असे विचारण्याची वेळ येऊ देऊ नये, हे वचन त्यांच्याच नावावर सांगितले जाते. सुनील गावस्कर १९८७ च्या मार्चमध्ये बंगळूरच्या फिरत्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध ९६ धावांवर बाद झाले, आपण १६ धावांनी हरलो आणि त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. ही उदाहरणे देऊन लोक म्हणतात, बघा, मोठा माणूस असा असतो, त्याला आपोआप कळते. मला तर उलटेच दिसते. एकाचा खांदा गेला. दुसरा तसा विरळाच. शंभरांत एखाद्याला आपली वेळ कळते म्हणून उरलेल्या नव्व्याण्णवांना ती कळलीच पाहिजे, असा नियम कसा करता येईल? खेळाडूला आपला पाय अर्धा क्षण उशिरा उचलला जातो हे कसे कळणार? त्याच्या आतले घड्याळ तर पूर्वीच्याच वेळेवर चाललेले असते. आणि ज्या हट्टामुळे तो वीस वर्षे टिकला, दुखऱ्या गुडघ्याने मैदानात उतरला, सलग चार वेळा बाद होऊनही पाचव्या वेळी उभा राहिला, तोच हट्ट एका सकाळी त्याने खुंटीला टांगून ठेवावा अशी आपली अपेक्षा! जो गुण त्याला मोठे करतो त्यालाच आपण शेवटी दोष म्हणायचे, हा मला अन्याय वाटतो.

ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टोकाची तऱ्हा आहे. इयान हीली हा त्यांचा नामांकित यष्टिरक्षक. १९९९ मध्ये आपल्या गावी, ब्रिस्बेनला, एक शेवटची कसोटी खेळायला मिळावी अशी त्याची इच्छा होती. ती मानली गेली नाही. त्या सामन्यात गिलख्रिस्ट उतरला, आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. निर्णय खेळाच्या दृष्टीने अचूकच ठरला. पण मला तो कोरडा वाटतो. एका सामन्याने ऑस्ट्रेलियाचे काय बुडणार होते? सचिनच्या २०० व्या कसोटीसाठी वेस्ट इंडीजचा संघ बोलावला गेला, सामना वानखेडेवर ठेवला गेला, त्याची आई पहिल्यांदाच त्याचा खेळ मैदानात येऊन पाहू शकली, त्याने ७४ धावा केल्या. याला मी नावे ठेवणार नाही. निरोपाचा एक सामना द्यावा, थाटात द्यावा. पण निरोपाचा सामना एकच असतो. तो दोन वर्षे चालत नाही.

आणि रिकाम्या जागेची जी भीती घातली जाते तिचे काय झाले? सचिन नोव्हेंबर २०१३ मध्ये गेला. पुढच्याच महिन्यात जोहान्सबर्गला त्याच्या चौथ्या क्रमांकावर विराट कोहली उतरला आणि त्याने ११९ व ९६ धावा केल्या. दरबानला आपला मुंबईचा अजिंक्य रहाणे नाबाद ५१ आणि ९६ करून गेला. हा रहाणे त्याआधी संघाबरोबर मोसमामागून मोसम हिंडत होता, पाणी नेत होता; मार्च २०१३ मध्ये दिल्लीला एक कसोटी मिळाली, तीत ७ आणि १ धाव झाली आणि तो पुन्हा बाहेर बसला. बाकावर बसणाऱ्याच्या सरासरीची नोंद कोणत्याही पुस्तकात नसते. मी हे जरा जास्त तळमळीने लिहितो आहे हे माझ्याही ध्यानात येते आहे. वाचकांनी समजून घ्यावे.

रोहित शर्माची गोष्ट तर अशी आहे की ती कादंबरीत घातली असती तर सरांनी 'योगायोग फार' असा शेरा मारला असता. २०१० मध्ये नागपूरला त्याची पहिली कसोटी ठरल्यासारखी होती. सामन्याआधीच्या सरावात पाय मुरगळला आणि संधी गेली. मग पावणेचार वर्षे वाट पाहणे. नोव्हेंबर २०१३ मध्ये कोलकात्याला, सचिनच्या १९९ व्या कसोटीत, तो पहिल्यांदा उतरला आणि १७७ धावा काढून परतला. सचिनच्या शेवटच्या कसोटीत त्याने नाबाद १११ केल्या. सचिनमुळे त्याची जागा अडली होती असे मी म्हणणार नाही, दोघे शेवटी एकाच संघात खेळले. पण वाट पाहणे म्हणजे काय हे ज्याला पुरते माहीत, असा हा माणूस.

अकरा वर्षांनी तोच माणूस दुसऱ्या टोकाला उभा होता. २०२४ च्या अखेरीस न्यूझीलंडने आपल्याला आपल्याच देशात ३-० असे हरवले. घरची मालिका आपण बारा वर्षांनी हरलो. आधीची हरलेली मालिका म्हणजे सचिनच्या त्या ११२ धावांची. न्यूझीलंडविरुद्ध सहा डावांत रोहितच्या ९१ धावा झाल्या. मग ऑस्ट्रेलियात पाच डावांत ३, ६, १०, ३, ९. कर्णधार असून मेलबर्नला तो पुन्हा सलामीला आला तेव्हा शुभमन गिलला बाहेर बसावे लागले. आणि ३ जानेवारी २०२५ ला सिडनीची कसोटी सुरू झाली तेव्हा कर्णधार स्वतःच संघाबाहेर होता. धावा होत नाहीत म्हणून आपण बाहेर बसलो, निवृत्त झालेलो नाही, असे त्याने सामना चालू असताना सांगितले. आपल्या कोणत्याही कर्णधाराने असे केलेले मी तरी ऐकले नव्हते. मला ते आवडले. त्याने जागा सोडली पण खेळ सोडला नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे निदान एकाने दाखवले.

पण पुढे काय झाले पाहा. त्याच महिन्यात तो मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी सामना खेळला, ३ आणि २८ धावा केल्या, मुंबई हरली. त्याला जागा देण्यासाठी सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे बसवला गेला. त्यानंतर महिन्याच्या आत रोहितने कटकला एकदिवसीय सामन्यात इंग्लंडविरुद्ध ११९ धावा ठोकल्या आणि ९ मार्च २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ७६ धावा करून सामन्याचा मानकरी ठरला. मे महिन्यात त्याने कसोटीतून निवृत्ती घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदिवसीय संघाचे कर्णधारपदही गिलकडे गेले होते तेव्हा याच रोहितने सिडनीत नाबाद १२१ केल्या.

आता माझ्या अर्थशास्त्राच्या मित्रांनी याचे गणित मांडून दाखवावे. जो जानेवारीत संपला तो मार्चमध्ये करंडक जिंकून देतो! म्हणजे आकडे खोटे होते का? नव्हते. लाल चेंडूपुढे तो संपलाच होता, पांढऱ्या चेंडूपुढे संपला नव्हता. 'ठेवावा की काढावा' असा एकच प्रश्न विचारला की उत्तर चुकते; कोठे ठेवावा, कोणत्या कामाला ठेवावा, असे विचारायला हवे. रहाणेचेही तसेच. जानेवारी २०२२ नंतर त्याला कसोटी संघातून वगळले, दीड वर्षाने इंग्लंडमध्ये जागतिक कसोटी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बोलावले, तर पस्तिसाव्या वर्षी त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या. वगळले म्हणजे दार कायमचे लावून घेतले, असे असायचे कारण नाही. आपल्याकडे मात्र वगळणे हा अपमानच मानतात, म्हणून कोणी वगळत नाही, आणि कोणी वगळत नाही म्हणून पुढे खरोखरच अपमान होईपर्यंत प्रकरण जाते.

आमच्या दादांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते मातीवर वाढलेले खेळाडू. आता स्पर्धा मॅटवर होतात, पायात बूट असतात, तीस सेकंदांची चढाई घड्याळावर मोजली जाते. मातीत पाय रुततो, सरकतो. मॅट पायाला धरून ठेवते आणि फिरताना सगळा ताण गुडघ्यावर येतो. दादांची ती पाठमोरी लाथ मातीतली आहे. त्यांचा खेळ गेला त्यात वयाचा भाग किती आणि मॅटचा किती, कोण सांगणार? पण एक खरे : कोपऱ्यातला माणूस कधी पुढे येणार हे त्यांना आजही आधी कळते. बाकावर माझ्या शेजारी ते बसले असते तर समोरच्या सातही जणांचे पाय त्यांनी मला वाचून दाखवले असते. ते मैदानात असतात तेव्हा हे सांगायला कोणी नसते. गुण तर जातातच, वर शिकवणारा माणूसही जातो.

मंडळाला हे समजत नाही असे नाही. पण स्पर्धेच्या फलकावर दादांचा फोटो असतो, त्या फोटोकडे पाहून मुंबईचे चाकरमानी वर्गणी देतात, आणि त्या वर्गणीतून आमचे गणवेश आणि बूट येतात. मोठ्या मंडळांचे जाहिरातींशी जे नाते, ते आमच्या लहान मंडळाचे या वर्गणीशी. तेव्हा 'दादांचा मान' या शब्दात थोडासा हिशेबही मिसळलेला असतो. असो.

हे सगळे लिहून झाले आणि मला माझीच लाज वाटू लागली. निवड समिती बोलत नाही म्हणून मी तिला भित्री म्हणतो, आणि मी स्वतः काय केले होते? माझा स्वार्थ आहे म्हणून मी बोलू नये, हे मला फार सोयीचे पडले होते. तेव्हा एका रविवारी सकाळी मी बंदरावर गेलो. दादा एका बोटीचे इंजिन उघडून बसले होते. मी इकडचे तिकडचे बोलत राहिलो. शेवटी त्यांनीच पाना खाली ठेवला आणि विचारले, "काय आहे?"

मी म्हणालो, "दादा, या वर्षी पहिल्या सातांत तुम्ही नसावे असे मला वाटते. बाकावर असावे. आणि तुमच्या जागी मी खेळावे असेही मला वाटते."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुणपत्रक तूच लिहीत होतास ना? किती चढाया झाल्या माझ्या?"

"एकतीस."

"आणि गुण?"

मी सांगितले. त्यांनी मान हलवली. आकडा त्यांना नवीन नसावा, किंवा असेलही, मला कळले नाही. मग ते एकदम रागावले. माझ्यावर रागावतील असे मला वाटलेच होते, पण कारण वेगळे होते. "मग बैठकीत दातखीळ बसली होती काय तुझी? सगळ्यांची? मी सगळ्यांकडे पाहिले. एकजण तरी बोलेल म्हटले. कोणी बोलेना, मग मी काय म्हणणार होतो, मी नाही म्हणून?"

मला उत्तर सुचले नाही. त्यांनी पाना पुन्हा उचलला.

यादी अजून बदललेली नाही. महिनाअखेरीस पहिला सामना आहे आणि त्याआधी एक बैठक व्हायची आहे; तीत मी बोलणार आहे. दादा काय म्हणतील ते मला खरोखरच ठाऊक नाही. काल सरावाला ते आले होते. माझ्या तीन चढाया त्यांनी उभ्याने पाहिल्या आणि चौथीला स्वतः कोपऱ्यात उभे राहिले. मी हात बघितला. त्यांनी माझा घोटा धरला तो सुटेना.